तळहातावरची व्हिस्की

माझ्या व्याह्यांनी मला फसवलं. पैशात नाही. पैशात मला फसवणारा माणूस जालना जिल्ह्यात अजून जन्माला यायचाय. त्यांनी माझं बोलणं बदललं, माझ्याच तोंडासमोर, हसत हसत, आणि मला ते कळू दिलं नाही.

मी टेंभुर्णीत सरकीची ढेप, म्हणजे जनावरांची पेंड, विकतो. शाळा नववीत सुटली, मग आठ वर्षं दुसऱ्याची पोती पाठीवर वाहिली आणि त्यातून स्वतःचं दुकान उभं केलं. ते उभं राहिलं ते माझ्या नाकावर. ढेपेचा तुकडा तळहातावर घ्यायचा, दोन्ही हातांनी चोळून गरम करायचा, एक फुंकर मारायची आणि वास घ्यायचा. ओल लागलेली असो, बुरशी धरलेली असो, आत भुसा मिसळलेला असो, मला कळतं. ज्याची दुभती म्हैस माझ्या ढेपेवर आहे, तो माझं नाक बघून माल नेतो, पोत्यावरचा शिक्का बघून नाही.

व्याही बदनापूरचे. कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. माझी मुलगी आणि त्यांचा मुलगा स्कॉटलंडला असतात. गेल्या वर्षी जावयाने आम्हा दोघा बापांना तिकडे बोलावलं आणि एका शनिवार-रविवारच्या व्हिस्की महोत्सवाची तिकिटं हातात ठेवली. शनिवारी पोरांना काम होतं, म्हणून आम्ही दोघंच गेलो.

आपल्याकडे दोन व्याही एका टेबलावर बसून दारू घेत नाहीत. दारातच व्याही म्हणाले, "हे बघा, बदनापुरात मी घेत न्हाई. इथलं इथंच राहू द्या."

"माझ्या तोंडून जायचं न्हाई," मी म्हणालो. आणि आजपर्यंत गेलं नव्हतं.

मोठ्या हॉलमध्ये टेबलंच टेबलं मांडलेली. गळ्यात अडकवायला एक ग्लास आणि हातात टोकनं. साध्या मालाला टोकन लागत नव्हतं, दुर्मीळ बाटलीला लागायचं. एका कोपऱ्यात पिकल्या केसांची एक बाई, केव्हाच बंद पडलेल्या भट्टीची व्हिस्की घेऊन उभी होती. त्या पिंपातल्या मोजक्याच बाटल्या आता उरल्यात, असं व्याह्यांनी मला सांगितलं. आम्ही सकाळी घेतली. घोटभरही नव्हती. पण वास! लाकडी पेटीत जपलेल्या मोसंबीच्या सालीचा, आणि त्याच्या खाली दूरवर कुठंतरी विझलेल्या चुलीचा. मी प्यायच्या आधी बराच वेळ नुसता हुंगत उभा राहिलो. आयुष्यात मला दारूचा शौक नाही, पण त्या दिवशी माझ्या नाकाला त्याच्या तोलाचं काहीतरी भेटलं.

दुपारी परत गेलो. बाई जेवायला गेली होती, तिच्या जागी एक उंच गडी ओतत होता. मी ग्लास नाकाला लावला आणि थांबलो. मोसंबी नाही. चूल नाही. नुसता काकवीसारखा कच्चा गोडवा. म्हटलं, आपल्याच नाकाला आता थकवा आला असेल. म्हणून दोन थेंब तळहातावर टाकले, चोळले, फुंकर मारली, परत वास घेतला. सकाळचा माल नव्हता तो.

व्याह्यांनी माझं कोपर दाबलं. "इवाई, हे काय करून राह्यले? हात पुसा. लोकं बघून राह्यले."

"बघू द्या. त्याला सांगा, ही सकाळची न्हाई. बाटली बदलली."

"आपण पाहुणे आहोत इथं."

"म्हणून काय वास बदलतो का? सांगा बराबर."

व्याही त्या गड्याशी इंग्रजीत बोलले. तो हसला. शेजारचे दोघं-तिघं हसले. एकाने माझ्या पाठीवर थाप मारली. व्याही मला म्हणाले, "सांगितलं. तो म्हणतो, बघतो."

मला हसण्याचा संशय आला. धंद्यातली सवय अशी की वादाच्या मालाचा नमुना सोडायचा नाही. खिशात पित्तावरच्या होमिओपॅथीच्या गोळ्यांची कुपी होती. उरलेल्या गोळ्या सगळ्या तोंडात टाकल्या आणि ग्लासातली व्हिस्की कुपीत भरली.

संध्याकाळी जेवताना व्याह्यांनीच रंगून गोष्ट सांगितली. त्यांनी त्या गड्याला म्हणे सांगितलं होतं, "आमचे पाहुणे जनावरांचं खाद्य विकतात. त्यांना तुमच्या व्हिस्कीला पेंडीचा वास येतोय. माफ करा, त्यांची ही पहिलीच वेळ आहे." जावई ताटाकडे बघत बसला. मुलीने हातातला डाव पातेल्यात सोडला.

"मामंजी, पप्पा असं म्हणाले होते?"

"अगं, गंमत. तिथं भांडण लावायचं होतं का?"

मी ताटावरून उठणार होतो. मुलीने डोळ्यांनी बसवलं आणि म्हणाली, "पप्पा, उद्या मी येते तुमच्यासोबत."

रविवारी ती आली. पिकल्या केसांची बाई टेबलावर होती. मी कुपी काढली आणि दुसऱ्या ग्लासात तिच्याकडून ताजी व्हिस्की घेतली. मुलगी सांगत होती, पण अर्धं तर सांगावं लागलंच नाही. बाईने कुपीतले दोन थेंब तळहातावर घेतले, चोळले आणि नाकाशी नेले. बिलकुल माझ्यासारखं. मग दुसऱ्या हातावर ताजी घेतली. मी मुलीला कोपर मारलं, "बघ."

बाईने त्या उंच गड्याला हाक मारली. त्याने टेबलाखालून दोन बाटल्या काढल्या. एकच घाट, एकच रंगाचं लेबल, वर्षाचा आकडा तेवढा वेगळा. दुपारच्या गर्दीत त्याने चुकून नंतरच्या वर्षाची बाटली फोडून जुनीच्या नावाने ओतली होती. बाईचा चेहरा उतरला. तिने एक पुठ्ठा घेतला, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि टेबलावर उभा केला. मुलीने वाचून दाखवलं: काल दुपारी इथे आमच्या हातून चुकीची बाटली ओतली गेली, ज्यांनी घेतली त्यांनी परत यावं. मग त्या बाईने माझा हात हातात घेतला. व्हिस्कीचा वास लागलेलाच तिचा तळहात होता तो.

आम्ही घरी येऊन हे सगळं व्याह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "वा, वा," आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मला वाटलं, मिटलं. पण परत आल्यावर बदनापुरात प्रत्येक पंगतीत तीच गोष्ट सुरू झाली, शनिवारपर्यंतचीच. रविवार त्यात येत नाही. त्या गोष्टीत त्यांच्या हातात ग्लासही नसतो, फक्त माझ्या हातात असतो. परवा माझ्या दुकानात एक जुनं गिऱ्हाईक आलं. मी तुकडा चोळायला घेतला तर ते हसून म्हणालं, "शेठ, ही ढेप आहे का व्हिस्की?" मग त्याने माझ्या हातातला तुकडा घेतला आणि स्वतः हुंगून बघितला. वीस वर्षांत पहिल्यांदा.

बायको म्हणते, "आपण मुलीवाले. दोन बोटं खाली राहावं." बैठकीत, मांडवात, मानपानात मी खालीच राहिलो. आहेर त्यांचा पहिला, पंगत त्यांची पहिली, कधी तोंड उघडलं नाही. पण मी मुलगी दिली, नाक दिलेलं नाही. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "पप्पा, तिथं मी होते. मी बघितलंय. तुम्ही गप्प बसलात तर मला वाईट वाटेल."

म्हणून हे लिहिलं. दारात दिलेला शब्द मी इथे मोडला, हेही कबूल करतो. इवाई, तुम्ही गोष्ट अर्धी सांगितली, मी पुरी सांगितली.

पुढच्या महिन्यात तुमच्या धाकट्याचं लग्न आहे. तीच माणसं, तीच पंगत. एका परक्या बाईला तिच्या माणसाची चूक पुठ्ठ्यावर लिहून सगळ्या जगासमोर उभी करायला काही वाटलं नाही. तुम्ही तर जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघा ओढल्या. मंग बोला, इवाई. मी त्या दिवशी काय म्हणालो होतो, आणि तुम्ही काय सांगितलं? पंगतीत उभं राहून, मराठीत सांगा. मी पहिल्या रांगेत बसतो.