बिनडोळ्यांचा नाग

सकाळी लेकीचा, रेवाचा, कॉलेजचा डबा भरत होते तेव्हा वासंतीच्या नवऱ्याचा, प्रकाशरावांचा फोन आला. "वहिनी, वासंती गेली..." एवढंच म्हणाले. मी वेड्यासारखं म्हटलं, "अहो, काल तर लिफ्टमध्ये भेटली." पहाटे तिच्या छातीत दुखायला लागलं, अ‍ॅम्ब्युलन्स आली, आणि हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. जिवाभावाची मैत्रीण गेली की माणसाला आधी रडू यायला हवं. मला आधी भीती वाटली. कारण माझ्या डाव्या स्तनात एक गाठ हाताला लागत होती आणि ते, डॉक्टर सोडले तर, या जगात फक्त वासंतीला माहीत होतं. नवरा आठवडाभर अबुधाबीला साइटवर असतो, त्याला सांगितलं नव्हतं. मुलीलाही नाही. बोलून दाखवलं की ते खरं होईल असं वाटायचं. पुढच्या तपासणीला वासंती माझ्याबरोबर येणार होती. डब्याचं झाकण हातात धरून मी तशीच उभी राहिले आणि मनात एकच विचार आला, की आता मला कोण नेणार?

मी भित्री आहे हे आमच्या अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे. लिफ्ट जरा हलली तरी मी शेजारच्याचा दंड पकडते. सापाचं तर नावही नको, टीव्हीवर दिसला तरी मी पाय सोफ्यावर घेते. आणि गंमत बघा, वासंतीशी माझी ओळख झाली ती सापामुळेच. आम्ही दुबईत अल कुसैसला नवीन राहायला आलो होतो. सासूबाईंनी फोनवर बजावलं होतं, नागपंचमी चुकवू नकोस. मी बर दुबईला देवळाच्या गल्लीत जाऊन लाह्या आणल्या, दूर्वा आणल्या, पण मातीचा नाग काही मिळेना. पिशव्या घेऊन लिफ्टमध्ये शिरले तर शेजारी एक उंच बाई उभी, बोटांना निळा रंग लागलेला. शाळेत चित्रकला शिकवायची. पिशवीतल्या लाह्या बघून म्हणाली, "मराठी का गं? नाग मिळाला नसेल. पाट आहे ना घरात? मी काढून देते." आणि खरंच, दुसऱ्या दिवशी सकाळी हळद आणि चंदन कालवून तिने माझ्या पाटावर असा नाग काढला की मी पूजा करायच्या ऐवजी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिले.

ती पोट धरून हसली. मग पाटाशेजारी मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आपण कुठे राहतो माहितेय तुला? इथे, या कुसैसमध्ये, हजारो वर्षांपूर्वीची माणसं नागोबाला मानायची. जमिनीतून पितळेसारखे छोटे छोटे नाग निघालेत. देवाला वाहिलेले." मला वाटलं, मला घाबरवायला सांगतेय. तर पुढच्या शुक्रवारी मला ओढत म्युझियममध्ये घेऊन गेली. काचेमागे बोटाएवढे नाग ठेवले होते, काशाचे, हिरवे पडलेले, वळणं घेत निघालेले. आमच्या पाटावर असतात अगदी तसेच. मी ते बोटांच्या फटीतून पाहिले. "बघ," ती हळूच म्हणाली, "इथलीही कुणीतरी बाई घाबरली असेल. पोराला बरं नसेल, विहीर आटली असेल. तिने हा आणून ठेवला." मला त्या बाईचं नाव माहीत नाही, पण घरी येताना टॅक्सीत मी तिचाच विचार करत होते.

चिन्हांचं वासंतीला वेडच होतं. शाळेतल्या मुली गळ्यात काहीबाही घालून यायच्या, चांदणी, चंद्रकोर, निळा डोळा, स्वतःचीच शेपटी गिळणारा साप. इतर शिक्षिका नाकं मुरडायच्या. ही मात्र मुलींना बसवून विचारायची, हे कुणाचं, कुठलं, काय म्हणून घालता? मग सांगायची, की शेपटी गिळणारा साप इजिप्तमधल्या लोकांचा, संपतं तिथूनच सुरू होतं असं म्हणणारा. उत्तरेकडच्या थंड देशांत लोक मानायचे की एक प्रचंड साप समुद्रात पृथ्वीला विळखा घालून पडलाय. आणि आपल्याकडे शेषाने तीच पृथ्वी डोक्यावर घेतलीय. आमच्या बिल्डिंगखाली नजीरभाईंची फार्मसी आहे. नजीरभाई राजापूरचे, मराठी ऐकलं की काउंटर सोडून बाहेर येणारे. त्यांच्या पाटीवर पेला आणि त्याला विळखा घातलेला साप आहे. मी वर्षानुवर्षं तिथून क्रोसिन नेत होते आणि तो साप मी कधी पाहिलाच नव्हता, वासंतीने दाखवेपर्यंत. ग्रीकांच्या वैद्यदेवाच्या देवळात आजारी माणसं झोपायला जायची, ती म्हणाली, आणि जमिनीवर बिनविषारी साप मोकळे फिरत असायचे. तो पेला त्या देवाच्या मुलीचा. नजीरभाई म्हणाले, "अरे बाप रे! मॅडम, मी तर समजत होतो कंपनीचा लोगो आहे." त्यानंतर महिनाभर मी औषधं दुसऱ्या दुकानातून आणली.

तिचं म्हणणं एकच होतं. माणूस ज्याला घाबरतो त्याचंच चित्र काढतो, कारण चित्र काढलं की त्याच्याशी बोलता येतं. म्हणून दरवर्षी नाग काढून झाला की ती डोळे तेवढे सोडायची आणि काजळाची डबी माझ्यापुढे धरायची. "डोळे तू काढ." मी नाही म्हणायचे. ती आग्रह करायची, मी हात मागे लपवायचे, आणि शेवटी दिंडं थंड होतील म्हणून तीच दोन ठिपके देऊन मोकळी व्हायची. गेल्या वर्षी मात्र हट्टाला पेटली. "खलास. मी नाही काढणार. राहू दे तुझा नागोबा आंधळा, पुढच्या वर्षी बघू." तशीच पूजा झाली. संध्याकाळी मी पाट पुसून ठेवून दिला.

या उन्हाळ्यात गाठ लागली. कितीतरी दिवस मी अंघोळ करताना तिकडे हात नेणं टाळलं. शेवटी एकदा तिच्या घरी चहा पिताना कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं. तिने आपलाही कप खाली ठेवला. मग म्हणाली, "यल्ला, ऊठ, चपला घाल." डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढले, सुई घालून तुकडा काढावा लागेल म्हणाले. रिसेप्शनवरच्या मुलीने तारीख दिली. मी कॅलेंडर बघितलं. नागपंचमी! त्या दिवशी घरात चिरायचं नाही, कापायचं नाही, तवासुद्धा ठेवायचा नाही. आणि मी माझं अंग कापून घ्यायला जायचं? मी तारीख बदला म्हणून हटून बसले. वासंती त्या मुलीला म्हणाली, "नो नो, कन्फर्म कीजिए." बाहेर आल्यावर मला म्हणाली, "त्या दारावरचा साप बघ. त्यानेच बोलावलंय तुला. सकाळी मी नाग काढते, मग दोघी जाऊ." मी रागावून गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसले.

आणि मग ती गेली. प्रकाशराव तिला घेऊन पुण्याला गेले, दाराला कुलूप लागलं. मला तिचं तोंडही नीट पाहता आलं नाही. पुढचे दिवस कसे गेले ते कुणाला सांगू नये. मला खात्रीच वाटत होती की नागोबाचा कोप झाला, आधी तिच्यावर, आता माझी पाळी. लिफ्टमध्ये तिच्या मजल्याचं बटण बघवत नव्हतं. हॉस्पिटलला फोन करून तारीख रद्द करायची म्हणून मी रोज नंबर काढायचे... आणि काहीतरी कारण काढून ठेवून द्यायचे. खाली नजीरभाई भेटले. "वासंती मॅडम बोलून गेल्या होत्या, पंचमीला तुमची अपॉइंटमेंट आहे, पेनकिलर काढून ठेवा. ठेवल्यात मी. देऊ?" गाठीचं ती त्यांना बोलली नव्हती, दात काढायचाय म्हणाली होती. मी गोळ्या घेतल्या आणि वर येऊन ढसाढसा रडले. तेव्हा पहिल्यांदा रडले.

नागपंचमीच्या सकाळी मी पाट काढला. हळद लाकडात मुरली होती. तिचा गेल्या वर्षीचा नाग तसाच्या तसा पुसट पिवळा उमटलेला, फणा काढून, बिनडोळ्यांचा. मी त्याच्याच रेषेवरून बोट फिरवत गेले, ओल्या हळदीचं. मग काजळाची डबी उघडली. जीव मुठीत धरून दोन ठिपके दिले. एक मोठा झाला, एक लहान. मागे रेवा डोळे चोळत येऊन उभी होती. "आई, हू ड्रू धिस? वासंतीमावशी तर..." म्हटलं, मी काढला. आणि त्याच दमात तिला गाठीचंही सांगितलं. पोरगी पांढरीफटक पडली. "व्हाय डिडन्ट यू टेल मी?" म्हणत मला घट्ट बिलगली, आणि मग म्हणाली, "आयॅम ड्रायव्हिंग. चल."

हॉस्पिटलच्या काचेच्या दारावर काठीला विळखा घातलेला साप होता. मी थांबले आणि त्याच्याकडे पाहिलं. आत सुई टोचताना नर्सने माझा हात धरला, बोटाला पिवळं काय लागलंय म्हणून विचारलं. मी "हळद" म्हटलं, "मैत्रिणीची."

रिपोर्ट पुढच्या आठवड्यात यायचा आहे. काय येईल मला माहीत नाही, आणि मला भीती वाटते, खूप वाटते. पाट मी या वर्षी पुसलेला नाही. ओट्याजवळ भिंतीला टेकवून ठेवलाय. सकाळी चहा टाकते तेव्हा तो एक मोठा आणि एक लहान डोळा माझ्याकडे बघत असतो. मी दूध ओतते, गॅस बारीक करते, आणि चहा उकळेपर्यंत मीही त्याच्याकडे बघत उभी राहते.