साळूआत्यांचा घोटा

साळूआत्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते एका पायावर. उजवा पाय गुडघ्यात दुमडून जुनेराने कमरेला बांधलेला आणि डाव्यावर उभ्या राहून त्या भात कांडत होत्या. सून दारातून ओरडत होती, "आत्याबाई, पडाल की!" आत्यांचं मुसळ काही थांबलं नाही. "पडलेच तर हितं पडंन. दवाखान्यात पडायचं न्हाई मला."

त्या माले गावच्या सुईण. आसपासच्या वाड्यांमधली निम्मी माणसं त्यांच्या हातांवर जगात आलेली. दोन वर्षांपूर्वी बांधावरून घसरून घोटा मोडला, हाडवैद्याने कामट्या बांधून बसवला, तो वाकडाच बसला. पाय टेकला की कळ थेट मस्तकात. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, घोटा उघडून हाडं नव्याने बसवू. दुखणं जाईल, पण तो पूर्वीसारखा वाकणार नाही. घरच्यांना या वयात चिरफाड नको होती. आत्यांचं उत्तर तयार होतं. "जातं दळंना झालं म्हनून टाकून देता व्हय? टाकी लावून घेता न्हवं?"

ऑपरेशन दिवाळीनंतर होतं. पुढे कुबड्या घ्यायच्या तर दंडांत बळ हवं आणि एका पायाला सगळं अंग पेलायची सवय हवी, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. म्हणून ते कांडण.

मला त्यांची काळजी वाटे, पण ती आपमतलबी होती. माझे यजमान खिंडीपलीकडच्या वाडीवर शाळामास्तर. मला पहिल्यांदाच दिवस गेले होते, आणि आई हयात नसल्यामुळे बाळंतपण वाडीवरच व्हायचं होतं. "चैतात ना? पोचते मी," आत्या म्हणाल्या. माझं पुणेरी मन म्हणालं, बोलायला काय जातंय!

ऑपरेशन नीट पार पडलं. पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये घालून आत्या घरी आल्या आणि लगेच कुबड्यांवर अंगणभर फिरू लागल्या. इतक्या फिरल्या, की टाचेपाशी प्लास्टरला भेग पडली. आत्यांनी काय करावं? शेणमाती कालवून सगळं प्लास्टर सारवून काढलं, वर बोटांनी सुबक रेघाही ओढल्या. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी कपाळावर हात मारला.

"हे काय केलंत?"

"भेग पडली, सारवली. भिताडाला न्हाई का सारवत?"

त्या ओलीने प्लास्टर पार मऊ पडलं होतं. ते कापून नवं घातलं आणि पाय सुटायला आणखी एक महिना लागणार असं ठरलं. हे कळल्यावर मी त्यांना भेटायला गेले ती रडतच. त्यांचंही तोंड उतरलं होतं. पण मला पाहताच म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमचा म्हैना आन माझा म्हैना. बगू कुनाचा आदी भरतुया!"

प्लास्टर निघालं तेव्हा पाय अगदी काटकी झालेला. त्या तो ऊन पाण्यात बुडवत, मग मुसळ आडवं टाकून त्यावर तळवा पुढेमागे फिरवत, दातओठ खात. काठी घेऊन आधी अंगण, मग बांध, मग खिंडीची चढण. चढायला जमलं. उतरताना मात्र घोटा वाकेना आणि त्या तोंडघशी पडत. आमच्या वाडीला यायचं तर खिंड चढून पलीकडे उतरावंच लागे.

चैत्रात एका पहाटे माझ्या कळा सुरू झाल्या. यजमान दोन गडी आणि डोली घेऊन माल्याला धावले. ऊन चढलं तरी कुणाचा पत्ता नाही. दारातून समोरचा उतार दिसत होता. अखेर त्यावरून डोली खाली येताना दिसली. रिकामी.

मग बरंच वर एक लुगडं दिसलं. कुणीतरी पाठमोरं उतरत होतं. दोन्ही हातांनी काठी रोवायची, एक पाऊल मागे टाकायचं, पुन्हा काठी. खालच्या बाजूला यजमान हात पसरून सावरायला उभे. चढताना पाय चालतो ना, मग चढाकडे तोंड करूनच खाली यायचं, असं आत्यांनी खिंडीत ठरवलं होतं. माणसाची पाठ दिसते ती जाताना. त्या दिवशी ती माझ्याकडे येत होती, आणि मला हुंदका आवरेना.

दारात पोचल्या तेव्हा चोळी घामाने चिंब झालेली, पाय थरथरत होता.

"डोलीत बसायचं होतंत," मी कण्हत म्हणाले.

"डोलीतनं आलेली सुईन बगून तुमाला कसला धीर यायचा?" हात धुऊन त्या माझ्या पायाशी बसल्या. "माझा जोर मी लावला, बाई. आता तुमचा लावा."