टोपी जरा वर करा

नाशिककराला थंडी शिकवायला जाऊ नये. निफाडकडे पारा उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, आणि आम्ही शहरातली मंडळी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, चहा पिता पिता त्या थंडीची फुशारकी मारतो. त्यामुळे व्हिएन्नाहून लेकीने फोनवर बजावलं, "बाबा, इथली थंडी वेगळी असते," तेव्हा मी नुसता हसलो.

लेकीची लग्नानंतरची ती पहिलीच संक्रांत. काळी साडी, हलव्याचे दागिने, हळदीकुंकू, सगळं तिथे जाऊन साग्रसंगीत करायचं असं माझ्या बायकोच्या मनाने घेतलं होतं. हिच्या मनाने एकदा घेतलं की माझं काम तिकिटं काढण्यापुरतं उरतं.

सामान भरायला हिची थोरली बहीण सिन्नरहून एसटीने आली. ताईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. दर संक्रांतीला त्या आमच्याकडे येतात, तिळाचे लाडू वळतात, आणि हळदीकुंकवाच्या बायका यायला लागल्या की स्वयंपाकघरात जाऊन बसतात. त्यांना कुणी जा म्हणत नाही, त्या आपणच जातात. हिला ते फार डाचतं. बायका गेल्यावर ही भांडी आपटते, माझ्यावर चिडते, पण "ताई, बाहेर ये" एवढे तीन शब्द हिच्या तोंडून कधी निघाले नव्हते. चारचौघी काय म्हणतील, ही धास्ती. मी मध्ये पडत नसे, कारण बायकांच्या समारंभात पुरुषाने नाक खुपसलं की ते कापलं जातं.

ताईंनी आम्हा दोघांसाठी लोकरीच्या टोप्या आणि मफलर विणून आणले होते. "टोपी भिवयांपर्यंत ओढायची आन् मफलर हनुवटीपर्यंत," त्यांनी बजावलं. "मग थंडीला शिरायला जागाच राहत नाय."

मी मात्र तिबेटियन मार्केटमधून तीन जाड स्वेटर घेतले आणि व्हिएन्नात पहिल्याच दिवशी तिन्ही एकावर एक चढवले. रस्त्यावर मी राजा होतो. कॉफीच्या दुकानात शिरलो आणि आतल्या उबेने पाच मिनिटांत घामाने निथळलो. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. तिथली माणसं दारातच कोट काढून खुंटीला लावतात आणि आत पातळ सदऱ्यात आरामात बसतात. थंडीशी इतक्या शांतपणे वागणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहत होतो. कुणी कुरकुरत नव्हतं. म्हाताऱ्या बायका बर्फातून भाजी आणायला जात होत्या.

हिने ते चटकन उचललं. साडीखाली गरम कपड्यांचा पातळ थर, पायात लेकीचे बूट, वरून लेकीचा लांब कोट, आणि ताईंची टोपी. निसरड्या बर्फावरून ही नुकत्याच सारवलेल्या अंगणातून चालावं तशी बारीक पावलं टाकत चालायची. मी दोनदा आपटलो, ही एकदाही नाही.

ट्रामच्या थांब्यावर सगळे काळ्या कोटात उभे. ही म्हणाली, "यांची तर रोजच संक्रांत आहे की हो." मग जरा वेळाने लेकीला म्हणाली, "पण इथे कपाळ टोपीत आणि गळा मफलरमध्ये. सवाष्ण कोण ते ओळखायचं कसं?"

"ओळखायचं नसतं, आई," लेक म्हणाली.

हळदीकुंकवाला लेकीच्या ऑफिसमधल्या मैत्रिणी आल्या. हलव्याच्या दागिन्यांत लेक इतकी गोड दिसत होती की माझे डोळे भरून आले. तेवढ्यात जिन्यावरून पावलं वाजली. वरच्या मजल्यावरच्या आजी बाहेर निघाल्या होत्या, नखशिखांत गुंडाळलेल्या. हिने हातात हळदीकुंकवाची कुयरी घेऊन त्यांना जिन्यातच गाठलं आणि शुद्ध मराठीत सांगितलं, "आजी, टोपी जरा वर करा."

आजींना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी टोपी वर केली आणि मान खाली झुकवली. हिने हळद लावली, कुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि वाण म्हणून चहाची गाळणी दिली. आजींनी गाळणी पिशवीत ठेवली. मग कपाळाला बोट लावून लेकीशी हळूहळू काहीतरी बोलल्या.

लेकीने आधी आईकडे पाहिलं, मग सांगितलं, "त्यांचे यजमान दिवाळीच्या सुमारास गेले. तेव्हापासून माझ्या कपाळाला कुणाचा हात लागला नव्हता, म्हणतायत."

मला वाटलं, आता ही चपापणार. पण हिने कुयरी माझ्या हातात दिली, त्या आजींना जवळ घेतलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मला त्या क्षणी हिचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आमच्या उभ्या संसारात वाटला नव्हता. परतीच्या विमानात मात्र ही खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी विचारल्यावर एवढंच म्हणाली, "परक्या बाईला लावलं, तेव्हा हात कापला नाही माझा."

यंदाच्या संक्रांतीला नाशिकमध्ये कडाका होता. ताईंची एसटी उशिरा आली. त्या लाडवांचा डबा घेऊन दारात पोचल्या तेव्हा बैठकीची खोली बायकांनी भरलेली होती. ताई टोपी-मफलरमध्येच, मान खाली घालून, भिंतीच्या कडेने स्वयंपाकघराकडे निघाल्या. ही कुयरी घेऊन त्यांच्या वाटेत उभी राहिली. बायका वळून बघायला लागल्या.

"आगं, मला नाय लावत," ताई पुटपुटल्या. "समद्या बघत्यात."

"बघू देत," ही म्हणाली. हिचा आवाज कापत होता, पण हात नाही. "ताई, टोपी जरा वर कर. कपाळ दिसत नाहीये."

ताईंनी लाडवांचा डबा माझ्याकडे दिला आणि दोन्ही हातांनी टोपी वर केली.