निळी शिवण

आमची आत्या देव मानते का, हे आजवर कुणालाच कळलेलं नाही. विचारलं की म्हणते, "बघू." प्रवचनाला चल, बघू. नवस बोल, बघू. 'बघू' म्हणजे चांगले कपडे घातलेलं 'नाही', हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. श्रद्धाळूंना मात्र ते 'हो' ऐकू येतं.

आत्या शिवणकाम करते. खिडकीपाशी मशीन, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. टाचण्या न पाडता टोमणा मारायची कला तिच्या एकटीकडे. पण डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि सुईत दोरा जाईना. एका फ्रॉकला दोन्ही बाह्या उजव्याच लागल्या. गिऱ्हाइकं वाट चुकू लागली. त्यातच तिने गुरुजींचा पांढरा झगा निळ्या दोऱ्याने शिवला.

गुरुजी म्हणजे आमच्या घराण्याची जुनी श्रद्धा. आजोबांकडून आलेली, न उघडता तशीच पुढे दिलेली. त्यांनी ती शिवण पाहिली, डोळे मिटले आणि म्हणाले, "आकाशाचा स्पर्श!" झालं! सगळ्या भक्तांना निळी शिवण हवी. सर्वांत आधी माझ्या बाबांच्या सदऱ्याला, तीही आत्याच्याच हातची.

"दादा, चूक झाली रे माझी."

"चूक माणसाची, खूण देवाची!"

"मग पुढच्या वेळी दोराही ओवून दे म्हणावं देवाला."

ऑपरेशनची तारीख मिळाली तसे बाबा पुन्हा हजर. "गुरुजी म्हणतात, काळ बरा नाही. थांब जरा."

"बघू."

आत्याची सून आधुनिक. गुरुजी वगैरे तिला थोतांड वाटतं. तिची प्रकाशदीदी मोबाईलमध्ये राहते.

"आई, मोतीबिंदू म्हणजे दाबलेला राग. दीदी म्हणतात, रोज सकाळी डोळे मिटून स्वतःला माफ करायचं."

"मी काय केलंय स्वतःला?"

"बघा, हाच तो राग!"

"बघू."

दोन दिवसांनी दवाखान्यातून नर्सचा फोन. मी तिथेच होते.

"आजी, ऑपरेशन रद्द ना तुमचं? आधी भावाचा फोन आला, मग सूनबाईंचा. दोघंही म्हणाले, तुम्ही कबूल झालात."

आत्याने फोनवर हात ठेवला. "ऐकलंस? मी कधी कबूल झाले गं?" हे तिने खुंटीवरच्या कोटाला विचारलं. मी दाराशी उभी होते.

तिकडून नर्स म्हणाली, "उद्या एक जागा रिकामी झालीय. ही गेली तर पुढे कितीतरी महिने नाही. येताय?"

आत्याचे ओठ मिटले. 'ब'साठी मिटतात तसे.

"ब... बरं. येते."

डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा दवाखान्याच्या खोलीत दोन पंथ हजर होते.

"गुरुजींनी जप केला म्हणून!" बाबा.

"दीदींनी दुरून प्रकाश पाठवला, मामा!" सून.

"आणि डॉक्टरांनी?" मी.

"ते निमित्तमात्र!" आयुष्यात पहिल्यांदाच दोघं एका सुरात बोलले.

"आता तरी विश्वास बसला ना?" बाबांनी विचारलं.

"बघू," आत्या म्हणाली आणि या वेळी खरंच बघू लागली. खिडकी, माझा चेहरा, स्वतःचे हात. मग नजर बाबांच्या सदऱ्यावर येऊन थांबली.

"दादा, काढ तो."

"अगं, इथे?"

"काढ म्हणते ना!"

बाबा बनियनवर बसले. आत्याने पट्टी काढणाऱ्या नर्सकडून कात्री मागून घेतली आणि टोकाने एकेक निळा टाका उसवू लागली.

"अगं अगं, खूण आहे ती!"

"माझी चूक आहे, दादा." तिने सदरा उजेडात धरला. "केवढी वाकडी गेलीय बघ. देवाची असती तर निदान सरळ असती."