दोन्ही गृहीतकं खरी कशी?

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते. घर जळगावला, इथे भाड्याची खोली. नेमणूक तासिका तत्त्वावरची, म्हणजे वर्ष संपलं की आपणही संपलो. पुढच्या जूनमध्ये एक कायम जागा भरली जाणार होती, आणि त्याआधी विभागप्रमुख माझ्या एका तासाला मागच्या बाकावर बसून अहवाल लिहिणार होते.

सोमवारी सकाळी ते स्टाफरूममध्ये म्हणाले, "गुरुवारी येतो. विशेष सापेक्षता चालू आहे ना? तेच घ्या."

त्याच दिवशी शेवटच्या वर्षाच्या वर्गात मी फळ्यावर दोन गृहीतकं लिहिली. पहिलं, एकमेकांच्या सापेक्ष एकसारख्या वेगाने सरळ जाणाऱ्या सगळ्यांसाठी निसर्गाचे नियम सारखेच. दुसरं, निर्वात जागेत प्रकाशाचा वेग त्या सगळ्यांना सारखाच मिळतो, मग दिवा चालता असो की थांबलेला. मी स्वतः एम.एस्सी.ला हेच पाठ केलं होतं आणि पेपरात उतरवलं होतं. मुलं लिहून घेऊ लागली.

नरडाण्याकडून एसटीने येणारी एक मुलगी लिहीत नव्हती. वर्गात ती क्वचित बोलायची. ती उभी राहिली.

"मॅडम, मी टॉर्च लावून उभी आहे. माझी मैत्रीण त्या उजेडाच्याच दिशेने पळते आहे. तिला उजेडाचा वेग कमी मिळायला पाहिजे ना?"

"नाही. दोघींना सारखाच."

"हाई कसं व्हई?" घाईत तिच्या तोंडून घरची बोली निघाली. मागे कुणीतरी हसलं. ती लाल झाली, पण बसली नाही. "म्हणजे, हे कसं होईल?"

"ते गृहीतक आहे. ते मानूनच पुढे जायचं असतं."

"मग आपण काहीही मानू शकतो का?"

तीसेक तोंडं माझ्याकडे वळली होती.

"बस खाली," मी म्हणाले. "परीक्षेत हे विचारत नाहीत."

ती बसली. मंगळवारी ती वर्गात नव्हती. बुधवारीही नव्हती. हजेरी घेताना तिचा नंबर आला की माझा आवाज आपोआप खाली जायचा. मुली कॉलेज सोडतात ते अशाच एखाद्या दिवसापासून, हे मी पाहिलेलं होतं.

बुधवारी मी विभागप्रमुखांनाच विचारलं, की सर, ही दोन्ही गृहीतकं एकत्र खरी कशी धरायची?

"गणित करून दाखवा, सूत्र जुळतं," ते म्हणाले. "खोलात गेलात तर पोर्शन राहील. आणि उद्या तर अजिबात जाऊ नका."

त्या दुपारी प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. मी एका पाठकोऱ्या कागदावर खोली काढली. मधोमध दिवा, पुढे भिंत, मागे भिंत. खोली एकसारख्या वेगाने पुढे चालली आहे असं धरलं. आत बसलेल्याला आपण चालतो आहोत हे कळायचा मार्गच नाही, हे पहिलं गृहीतक. त्याच्या मते प्रकाश दोन्ही भिंतींवर एकाच वेळी पोचणार. आता बाहेर उभा असलेला. त्याला मागची भिंत प्रकाशाला सामोरी येताना दिसते, पुढची लांब पळताना. आणि खोली चालते म्हणून प्रकाशाला जादा वेग मिळत नाही, हे दुसरं. म्हणजे त्याच्या मते प्रकाश मागच्या भिंतीवर आधी पोचला.

मी पुन्हा पुन्हा तपासलं. चूक सापडेना. दोघंही खरं बोलत होते. 'एकाच वेळी' हेच दोघांचं वेगळं होतं. वेग म्हणजे अंतर भागिले वेळ, आणि सर्वांचं घड्याळ एकसारखंच चालतं हे मी कधी तपासलंच नव्हतं. ते माझं तिसरं गृहीतक होतं, कुठेही न लिहिलेलं. आपण इतकी वर्षं काय शिकलो, असं वाटलं.

गुरुवारी विभागप्रमुख वही उघडून मागे बसले होते. मी हजेरी घेतली. तिच्या नंबरला "हजर" ऐकू आलं. घरी कापूस वेचणी चालू होती, म्हणून ती दोन दिवस आली नव्हती, हे तिने मला नंतर सांगितलं.

सूत्रांची टिपणं टेबलावर तयार होती. मी ती बाजूला सारली.

"सोमवारी एक प्रश्न आला होता," मी म्हणाले. "मी तो दाबला, कारण मला उत्तर माहीत नव्हतं."

मागे विभागप्रमुखांचं पेन हललं. मी फळ्यावर खोली काढली आणि तिलाच पुढे बोलावलं. प्रकाश आधी कुठल्या भिंतीवर पोचेल ते तिनेच सांगितलं, आतल्याचं वेगळं, बाहेरच्याचं वेगळं. मग ती खडू हातात धरूनच माझ्याकडे वळली.

"मग खरं कुणाचं?"

"दोघांचं. आणि काहीही मानता येतं का, असं तू विचारलं होतंस. येतं. पण त्यातून जे जे निघेल ते सगळं मानावं लागतं, आणि प्रयोगात ते खोटं ठरलं तर गृहीतक सोडावं लागतं. ही दोन अजून टिकली आहेत."

"मला पटत नाही, मॅडम," ती हळूच म्हणाली. "पण काय पटत नाही ते आता कळतंय."

तास संपला तेव्हा एकही सूत्र झालेलं नव्हतं. विभागप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"आपल्याला येत नाही, असं शिक्षकाने वर्गात सांगू नये."

"सर, खरंच येत नव्हतं."

"ते मला सांगा. त्यांना कशाला?" त्यांनी वही मिटली. काय लिहिलं ते दाखवलं नाही.

जूनमध्ये ती जागा दुसऱ्याला मिळाली. त्या अहवालामुळे की आणखी कशामुळे, ते मला कळलं नाही. मी सामान बांधून जळगावला परत आले. पुढचं वर्षभर शिकवण्या घेतल्या आणि मुलाखती देत राहिले. त्या शिकवण्यांमध्येही सापेक्षता आली की मी गृहीतकं सांगून पुस्तक मिटायचे आणि म्हणायचे, आता यात काय चुकीचं वाटतं ते बोला. बहुतेक वेळा कुणी बोलायचं नाही. मी थांबून राहायचे.