अर्धा पासवर्ड

सर्व्हरच्या खोलीत शिरताना दादा आधी चपला काढायचे आणि मग उलटा हात मशीनच्या अंगाला लावायचे, आजारी लेकराच्या कपाळाला लावतात तसा. "ताप हाये आज याले," म्हणायचे. तापमानाचा आकडा समोर भिंतीवर असायचा. तो त्यांच्याशी सहमत नसला, तर ते आकड्यालाच नावं ठेवायचे.

गावोगावच्या अर्ज-केंद्रांचं काम पाहणाऱ्या वाशीमच्या एका संस्थेत दादा आणि मी सर्व्हर सांभाळायचो. जातीचे दाखले, शिष्यवृत्त्या, निराधारांचे अर्ज, सगळं आमच्या मागच्या खोलीत येऊन साठायचं. ते आसेगावचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. मी त्यांना दादा म्हणायचो. मी जऊळक्याहून येतो म्हणून ते मला "ओ जऊळकावाले!" अशी हाक मारायचे. माझं नाव त्यांना पगाराच्या यादीत वाचल्याशिवाय आठवत नसावं.

शिष्यवृत्तीच्या शेवटच्या आठवड्यात आमचं मशीन दरवर्षी मान टाकायचं. साहेब म्हणाले, मोठं मशीन घेऊ.

"मोठं कायले सायेब?" दादा म्हणाले. "दोन लहान घ्या, अन् त्याइच्या म्होरं काम वाटून देनारं एक बसवा. सोयाबीनच्या दिवसात मार्केटच्या फाटकावर मानूस उभा राहते का नाई? तू या काट्यावर जाय, तू त्या काट्यावर. एक काटा बंद पडला तरी गाड्या चालूच. तो मानूस सोयाबीन मोजत नाई, पन त्याच्याबिगर मोजनं होत नाई."

साहेबांना सोयाबीन कळलं, म्हणून मशीनही कळलं. त्या वर्षी शेवटच्या दिवशी भरदुपारी दोनातलं एक खरंच बंद पडलं. दादांनी घाबरून आसेगावच्या केंद्राला फोन लावला. "काही तरास?" "नाई बा. काहून?" त्यांनी फोन ठेवला आणि कधी नव्हे ते स्वतःहून आलूबोंडे मागवले. आपलं काम कोणाच्या लक्षातच आलं नाही याचा इतका आनंद झालेला माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी तो एकच पाहिला.

मग त्यांनी कुलपाचं मनावर घेतलं. "लोकाइनं घरातले कागद आपल्या भरवशावर देल्ले. चोरानं डबा नेला तरी त्याले कागद वाचता नाई आले पाह्यजे." डिस्कवरचे सगळे अर्ज त्यांनी सांकेतिक करून टाकले. पासवर्ड टाकला तरच मजकूर दिसायचा, नाहीतर नुसता कचरा. पासवर्ड लांबलचक होता. त्याचा अर्धा भाग त्यांच्याकडे, अर्धा माझ्याकडे. मशीन बंद होऊन चालू झालं की दोघांनी येऊन आपापला अर्धा टाकायचा.

"एवढं कशाला दादा?"

"एकाची नियत फिरली तर?"

"कोणाची फिरणार?"

"माही! मानूसच हाये ना मी बी?"

मी टाइप करायचो तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, मास्तरांनी शिक्षा दिल्यासारखे. त्यांची पाळी आली की मी भिंतीकडे. फक्त एक गोष्ट होती. टाइप करताना ते पुटपुटायचे, एकेक अक्षर.

"दादा, ऐकू येतं."

"मंग कान नोका लावू."

मी कान लावला नाही, तरी वर्षभरात त्यांचा अर्धा मला पाठ झाला. तो काय होता, ते आजही लिहिणार नाही.

माझ्या मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी दुपारी वीज गेली, बॅटरी संपली, मशीन बंद पडलं आणि फोन आला. पाहुणे पंगतीत बसलेले असताना मी नव्या कपड्यांत मोटरसायकलवर वाशीमला गेलो, माझा अर्धा टाकला आणि परत आलो. मी आलो तोवर व्याही हात धुऊन उठले होते, ते मला लागलं. त्याच आठवड्यात मी दोन्ही अर्धे एका फाइलमध्ये लिहून त्याच डिस्कच्या कुलूप नसलेल्या कोपऱ्यात ठेवून दिले. ती वाचून मशीन आपोआप उघडू लागलं. दादांना मी सांगितलं की नवी बॅटरी बसवली, आता मशीन बंदच पडत नाही. ते बॅटरीवर थाप मारून म्हणाले, "मस्त काम केलं बरं का, जऊळकावाले."

पुढे त्या मशीनची डिस्क बिघडली. मी ती दुरुस्तीला बाहेरगावी पाठवली. फाइल तिच्यावरच आहे हे माझ्या ध्यानातही आलं नाही. डबा कुलूपबंद होता, आणि किल्ली मीच त्याला बांधून दिली होती.

काही महिन्यांनी गावांमध्ये फोन येऊ लागले. बोलणाऱ्याला माणसाचं नाव, मुलीची शाळा, खात्याचा क्रमांक, सगळं माहीत. "तुमचा अर्ज अडला आहे, मोबाइलवर आलेला आकडा सांगा." कित्येकांनी सांगितला. आसेगावची एक म्हातारी निराधारची रक्कम गमावून बसली. तिथल्या लोकांनी कागद दिले होते ते दादांकडे पाहून.

साहेबांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. डिस्क बाहेर गेली, पण तिचं कुलूप कसं उघडलं? मला त्या क्षणी ती फाइल आठवली. मी तोंड उघडणार, निदान आज मला तसं वाटतं, एवढ्यात दादा म्हणाले, "सायेब, मी पुटपुटतो. याइनं मले टोकलं होतं. कोनी तरी ऐकलं असन. अर्धा कळला का उरलेला मशीनवर एकेक अक्षर मारून पाहून काढता येते. माह्याकडूनच गेलं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "टोकलं होतं तुम्ही?"

"हो," मी म्हणालो. तेवढं खरं होतं, आणि मी तेवढंच बोललो.

दादांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. गावात मात्र पुटपुटण्याची गोष्ट कोणी मानली नाही. यानं कागद विकले, असंच लोक म्हणाले. ते मला कळत होतं. वाशीमहून आसेगाव काही लांब नाही, तरी मी गेलो नाही. गेल्या वर्षी ते वारल्याचं कळलं, तेव्हाही नाही.

अखेर या उन्हाळ्यात गेलो. दादांच्या घरी वहिनींनी पाणी दिलं. मी काही सांगण्याआधी त्याच बोलू लागल्या. "घरी आल्यावर बोलनंच कमी झालं त्याइचं. विहारात सारे मोठ्यानं वंदना म्हनत, हे नुसतेच हात जोडून बसत. मी म्हनलं, काहून? तं म्हने, माह्या तोंडाचा भरवसा नाई आता."

मग मी सगळं सांगितलं. साखरपुडा, फाइल, बॅटरी, तो "हो". त्या जमिनीकडे पाहत ऐकत होत्या.

"मले सांगून काय होते भाऊ?" त्या म्हणाल्या. "मी कधी चोर म्हनलं त्याइले? ज्याइनं म्हनलं त्याइले सांगा. रविवारी विहारात सारे असतात."

रविवारी गेलो. वंदना झाल्यावर वहिनींनी मला पुढे बोलावलं. पन्नासेक माणसं होती, ती म्हातारीही होती. मी सांगितलं. मला वाटलं, आता खाली बसता येईल.

"जोरात सांगा," वहिनी म्हणाल्या. "मांगच्याइले ऐकू नाई आलं."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.