खंडेनवमीचा कोयता

गोवा घटकराज्य झालं त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी एकच हट्ट धरला होता: चौरंगावर बाबांचा कोयता बसेल, काकांची सुरी नाही.

काका बोटीवर नोकरीला. त्यांनी आणलेली ती सुरी म्हणजे आमच्या घरातलं दुसरं दैवत. जाडजूड पातं, पाठीवर करवतीचे दात, पोकळ मुठीत काड्या, गळ, दोरा आणि टोपणात होकायंत्र. "रानांत चुकलो तरी हिच्यार आठ दीस काडशी," काका म्हणायचे. आमच्या इब्रामपूरच्या रानात चुकतो कोण? कुठूनही निघा, कुणाच्या तरी काजूबागेतच येता आणि तो "कोणालो रे तू?" म्हणत चहा पाजतो. पण परदेशी म्हटलं की आमच्या घरात अक्कल गहाण. सुरी वर्षभर काचेआड, तेल लावून. कामाला कोयता.

बाबा डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचे. ट्रकच्या मोडलेल्या कमानपाट्याचा तुकडा देऊन त्यांनी लोहाराकडून कोयता घडवून घेतला होता. बाबा गेले, कोयत्याची मूठ बदलली, पातं तेच. माडाची चुडतं, फणस, लाकडं, सगळं त्याच्यावर. आणि दर खंडेनवमीला चौरंगावर सुरी, झेंडूची माळ घालून. कोयता खाली, खोरं-कुदळीच्या रांगेत! मी पत्रकांतून श्रमाच्या प्रतिष्ठेवर लिहायचो आणि माझ्याच घरात ही उतरंड.

त्या वर्षी चवथीला गणपतीवर फळं-पानं टांगायच्या माटोळीची जुनी चौकट वाळवीने खाल्लेली निघाली. नवीसाठी बांबू तोडायला काकांनी मोठ्या थाटात सुरी काढली. थोडे घाव झाले आणि पातं बांबूत, मूठ काकांच्या हातात. आत करंगळीएवढा स्क्रू, त्यावर एवढा डौल! बांबू शेवटी कोयत्यानेच तुटला. मला वाटलं, निकाल लागला. काकांनी पातं गोंदाने चिकटवलं आणि सुरी परत काचेआड ठेवली.

म्हणून तो हट्ट. सकाळीच मी कोयता घासून चौरंगावर ठेवला, सुरी खाली.

"आयलो पुढारी!" काका म्हणाले. "पत्रकां छापून जालीं, आतां पूजाय शिकयता."

"काका, तुमची सुरी मोडल्या."

"मोडूंक ना. सुटल्या."

आईने कोयत्याला कुंकू लावलं, वर फूल ठेवलं. मी जिंकलो होतो. त्या दिवशी हत्यारांना हात लावायचा नाही; वर्षातली त्यांची ती एकच सुटी. बाबा त्या दिवशी ट्रकही काढत नसत.

दुपारी फोंड्याहून काकांचे व्याही आले. काकांनी अडसरं, कोवळे नारळ, उतरवून ठेवली होती. सोलणार कशाने, याचा विचार केला नव्हता. आईने चौरंगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई, आज न्हय. सुरी आसा मगे!"

"ती परत सुटतली रे बाबा. पावणे तानेले आसात."

कोयत्यावरचं कुंकू पदराने पुसत ती परसात गेली. रिकाम्या चौरंगावर काकांनी शांतपणे सुरी ठेवली आणि फूल तिच्यावर सरकवलं.

परसातून घाव ऐकू येत होते, एकेका घावाला एकेका अडसराची टोपी उडत होती. व्याही म्हणाले, "कोयतो बरो आसा हां तुमचो."

"तो सोडात," काका म्हणाले. "ही सुरी पळयली?"

आईने माझ्यापुढे अडसर धरलं. मी घेतलं नाही.